लॉक व्हेल: एकरी अडीच किलो युरियाची गोष्ट

आपल्याकडे सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, शिफारस आहे, जास्त दिवस उभ्या राहणाऱ्या आडसालीला 400. या आकड्यांत वाढलेल्या माणसाला हेक्टरी 3 किलो नत्र म्हणजे हिशेबात धरण्यासारखी गोष्ट वाटणार नाही. युरियात मांडायचे तर एकरी अडीच किलोच्या जरा वर. एवढ्याने उसाचे पानही हलणार नाही.

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, रॉकी पर्वताच्या एका खोऱ्यात एवढ्याच नत्राने तळ्यातले जीवन बदलले. ते तिथे कोणी टाकले नाही. वर्षानुवर्षे बर्फातून आणि पावसातून ते आपोआप उतरत राहिले. त्या खोऱ्याचे नाव लॉक व्हेल. हवेतून येणाऱ्या नत्राचा उंचावरच्या तळ्यांवर काय परिणाम होतो हे ज्या मोजक्या ठिकाणी चार दशके सलग मोजले गेले, त्यांतले हे एक. मापन इतके पक्के की त्यावरून सरकारी धोरणात एक आकडा शिरला. तो आकडा अजून गाठता आलेला नाही.

खोरे कसे आहे

रॉकी माउंटन नॅशनल पार्क 1915 साली स्थापन झाले. डेन्व्हर शहरापासून वायव्येला गाडीने दोनेक तासांवर. या उद्यानाच्या मधून खंडाचा जलविभाजक जातो. त्याच्या पश्चिमेला पडलेले पाणी शेवटी पॅसिफिकच्या बाजूला जाते आणि पूर्वेला पडलेले अटलांटिकच्या. लॉक व्हेल या जलविभाजकाला पूर्वेकडून टेकलेले आहे. क्षेत्रफळ सुमारे 660 हेक्टर. वरच्या अंगाला टेलर आणि अँड्र्यूज या छोट्या हिमनद्या, खाली उतरत गेले की स्काय पाँड, ग्लास लेक आणि सगळ्यात खाली ‘द लॉक’ नावाचे तळे, 3,100 मीटरच्या आसपास. कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे या मालिकेतले सगळ्यात खालचे तळेसुद्धा तिच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर.

या प्रकरणाची किल्ली खोऱ्याच्या जमिनीत आहे. पाचांतले चार भाग उघडा खडक आणि दरडीचे दगड. जंगल जेमतेम सहा टक्के, बाकी डोंगरमाथ्यावरचे खुरटे गवत. खडक ग्रॅनाइट आणि नाइसचा, म्हणजे पाण्यात सहजी न विरघळणारा. माती पातळ, आणि झाडे-गवत वाढण्याचे दिवस वर्षातून तीनेक महिनेच. आपल्या काळ्या रानात खत पडले की ते शोषायला माती असते, मुळे असतात, जंतू असतात. इथे ते बळ फारच तुटपुंजे. शिवाय सहा-सात महिन्यांत पडलेले सगळे बर्फात साठून राहते आणि मे-जूनमध्ये बर्फ वितळला की थोड्याच आठवड्यांत खाली येते. झाडे अजून नीट जागीही झालेली नसतात तेव्हा.

660 हेक्टर गुणिले 3 किलो, म्हणजे दरसाल जवळपास दोन टन नत्र. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत साधारण 20.7 किलो नत्र असते. म्हणजे दरवर्षी पंचाण्णव गोण्या. एवढ्या गोण्या कोणी पाठीवर घेऊन खोऱ्यात चढताना दिसला असता तर उद्यानाच्या पहारेकऱ्यांनी त्याला पहिल्याच वळणावर अडवले असते.

शोधायला गेले आम्ल, सापडले नत्र

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चर्चा होती आम्लवर्षेची. कोळशावरच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या गंधकाने पूर्वेकडची तळी आम्लधर्मी होत होती, मासे मरत होते. पश्चिमेकडच्या ग्रॅनाइटच्या डोंगरांतही तसेच होणार का, हा प्रश्न होता. आम्ल झेलण्याची ताकद या खडकात जवळजवळ नाहीच. या प्रश्नासाठी जिल बॅरन या परिसंस्थाशास्त्रज्ञ लॉक व्हेलमध्ये आल्या आणि 1983 पासून इथे नियमित नोंदी सुरू झाल्या. बॅरन पुढे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात गेल्या, पण खोरे त्यांनी सोडले नाही.

नोंद घेण्याची पद्धत अगदी साधी आहे. खोऱ्यात एक बादली ठेवलेली असते. पाऊस किंवा बर्फ पडायला लागला की तिचे झाकण सरकते, थांबला की परत बसते. पावसाच्या रसायनाची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय जाळ्याच्या शिस्तीप्रमाणे नमुना दर मंगळवारी बदलायचा. सोबत द लॉकमधून बाहेर पडणाऱ्या ओढ्याच्या पाण्याचा नमुना. रस्ता नाही; पायथ्यापासून पाचेक किलोमीटरची चढण. हिवाळ्यात पायाला स्की किंवा बर्फातले फताडे जोडे बांधून जायचे, वाऱ्याचा जोर असला तरी. संशोधन म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणाऱ्या प्रयोगशाळेपेक्षा हे काम पोस्टमनच्या फेरीच्या जवळचे आहे, आणि लॉक व्हेलचे खरे भांडवल ही फेरीच आहे असे मला वाटते. एखाद-दोन वर्षांच्या नमुन्यांतून यातले काहीच दिसले नसते.

आम्लवर्षेची भीती फारशी खरी ठरली नाही. गंधक कमीच होते आणि तळी आम्लधर्मी झाली नव्हती. पण ओढ्याच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप, होते, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. हे बुचकळ्यात टाकणारे होते. डोंगरावरची परिसंस्था नत्राला हपापलेली असते असे पाठ्यपुस्तक सांगते. मिळेल तो कण झाडे आणि शैवाल गिळून टाकतात, ओढ्यात काही उरत नाही. इथे उरत होते.

बरे, पिण्याच्या दृष्टीने पाहिले तर या पाण्याला कोणीही नावे ठेवणार नाही. भारतीय मानकांत पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. द लॉकमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते साधारण 1 मिलिग्रॅम. माणसासाठी हे पाणी स्वच्छच. पण तिथले शैवाल हजारो वर्षे त्याहून कितीतरी कमी नत्रावर जगायला शिकलेले होते.

याच बादलीची एक उपकथा. 2019 मध्ये याच जाळ्यातले नमुने ज्या गाळण्यांतून गाळले गेले होते त्या गाळण्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तेव्हा त्यांवर प्लास्टिकचे धागे दिसले. कोलोराडोत पाहिलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नमुन्यांत ते होते, आणि त्यांत लॉक व्हेलचे नमुनेही होते. कोणी ते शोधत नव्हते.

गाळात लिहिलेली तारीख

नायट्रेट आज आहे म्हणून ते कालही नव्हते कशावरून? 1983 आधीच्या नोंदी नव्हत्या. मग तळ्याच्या तळालाच विचारावे लागले.

तळ्यातले डायटम, म्हणजे करंडक वनस्पती, हे एकपेशीय शैवाल. अंगाभोवती वाळूच्याच जातीच्या सिलिकाची डबी असते आणि प्रत्येक जातीच्या डबीची नक्षी वेगळी. शैवाल मरते, डबी तळाशी बसते आणि कुजत नाही. वर्षावर वर्षाचा थर चढत जातो. स्काय पाँडसारख्या तळ्यांतून गाळाची उभी नळी काढायची, शिशाच्या एका किरणोत्सारी प्रकारावरून प्रत्येक थराचे वय ठरवायचे आणि डब्या मोजत बसायचे. अलेक्झांडर वुल्फ, बॅरन आणि सहकाऱ्यांनी हे केले आणि 2001 मध्ये निष्कर्ष मांडले.

खालच्या थरांत डोंगरी तळ्यांतल्या नेहमीच्या मंडळींचे राज्य होते. 1950 च्या सुमारास चित्र बदलते. ॲस्टेरिओनेला फॉर्मोसा आणि फ्रॅजिलेरिया क्रोटोनेन्सिस या दोन जाती झपाट्याने वाढतात. पहिलीच्या पेशी चांदणीसारख्या जुळलेल्या, दुसरीच्या फणीच्या दातांसारख्या शेजारी शेजारी. दोन्ही जाती खताळलेल्या पाण्यात माजणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात. जलविभाजकाच्या पश्चिमेकडच्या तळ्यांत मात्र हा बदल इतका ठळक नाही.

पूर्व-पश्चिमेचा हा फरक जंगलातही दिसतो. पूर्वेकडच्या जुन्या स्प्रूस वृक्षांच्या सुयांमध्ये पश्चिमेकडच्यांपेक्षा नत्राचे प्रमाण जास्त आहे आणि त्यांच्याखालच्या मातीतही. तोच डोंगर, तेच झाड, जवळपास तीच उंची. फरक एवढाच की पूर्वेच्या अंगाला खाली मैदान आहे आणि मैदानात माणसे.

1950 च्या त्या खुणेवरून बॅरन यांनी 2006 मध्ये एक हिशेब मांडला. अलीकडच्या मोजणीवरून आणि उत्सर्जनाच्या इतिहासावरून मागे मागे जात, 1950 ते 1964 या काळात पाऊस-बर्फातून किती नत्र उतरत असेल? उत्तर आले वर्षाला हेक्टरी सुमारे 1.5 किलो. म्हणजे तळ्याची सहनमर्यादा दीड किलो. ती ओलांडली गेली तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही; कळायला अर्धे शतक लागले. हा मागे मोजत नेलेला अंदाज आहे, प्रत्यक्ष मापन नव्हे, हे विसरू नये. तरीही मी म्हणेन की अंदाज प्रामाणिक आहे, कारण त्याला गाळातल्या एका ठोस घटनेचा आधार आहे.

पोट भरलेले, पण सत्त्व नाही

डायटमच्या दोन जाती वाढल्या तर बिघडले कुठे, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. मासे मेले नाहीत, पाणी सडले नाही, दरवर्षी चाळीस लाखांहून जास्त पर्यटक येणाऱ्या या उद्यानात तळ्यांचे फोटो अजून सुंदरच येतात.

नुकसान समजून घ्यायचे तर नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचे गणित पाहावे लागते. शेतकऱ्याला हे सांगायला नको: नुसता युरिया मारला आणि स्फुरद दिले नाही तर पीक हिरवेगार दिसते, भरत नाही. जेम्स एल्सर, बॅरन आणि इतरांनी 2009 मध्ये नॉर्वे, स्वीडन आणि कोलोराडोमधल्या तळ्यांची तुलना प्रसिद्ध केली. जिथे हवेतून नत्र कमी पडते तिथे शैवालाची वाढ नत्राअभावी अडते. जिथे जास्त पडते तिथे ती स्फुरदाअभावी अडते. तळ्यातली उणीवच बदललेली असते.

याचा परिणाम एक पायरी वर जातो. स्फुरद कमी असलेले शैवाल खाणारे प्राणी म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव, डॅफ्नियासारखे. त्यांना वाढायला स्फुरद भरपूर लागते. अन्न समोर असते, पोटही भरते, पण अंगी लागत नाही. पुढे त्यांच्यावर जगणाऱ्या माशांपर्यंत हे कसे आणि किती पोहोचते, ते तळ्यातळ्यावर अवलंबून.

गेल्या काही वर्षांत यात उष्म्याची भर पडली. द लॉक आणि स्काय पाँडच्या गाळातल्या रंगद्रव्यांचा अभ्यास इझाबेला ओलेक्सी आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये मांडला. 1950 नंतर शैवालाची एकूण वाढ वाढलेली आहे, आणि अलीकडे डायटमच्या जोडीला, काही ठिकाणी त्यांच्या जागी, हिरवे शैवाल पुढे येते आहे. काठाच्या दगडांवर हिरवे, बुळबुळीत थर दिसू लागले. नळीतल्या गाळात वाचावे लागणारे आता डोळ्यांनी दिसते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत काळजीचा भाग हाच आहे. नत्राने दार उघडून ठेवले आणि गरम पाणी आत शिरले.

हिमनद्यांचाही यात हात आहे. 2000 नंतरच्या उष्ण, कोरड्या वर्षांत लॉक व्हेलच्या ओढ्यात नायट्रेट वाढले, वरून पडणारे नत्र तेवढे वाढलेले नसतानाही. बर्फ आणि दगडमिश्रित हिम वितळून उघड्या पडलेल्या दरडीत जंतूंची हालचाल वाढली असावी असा बॅरन आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष. समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) चाचण्यांतूनही दिसते की ओढ्यातले बरेचसे नायट्रेट थेट बर्फातून येत नाही, दगडांखालच्या जंतूंच्या पोटातून फिरून येते. म्हणजे खोऱ्यात नत्राची जुनी ठेव साठलेली आहे. उद्या आकाशातून येणारे बंद झाले तरी ही ठेव लगेच संपणार नाही.

वारा ग्रीलीकडून

नत्र येते कुठून? हवेत 78 टक्के नायट्रोजन आहेच, पण तो निष्क्रिय. विजा कडाडल्या की त्यातला थोडा पिकाला मिळतो हे आपण शाळेत शिकतो. बाकीचे काम जमिनीतल्या जंतूंचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाबर आणि बॉश यांच्या पद्धतीने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनू लागला आणि खताचा कारखाना उभा राहिला. दुसरीकडे मोटारी आणि वीजकेंद्रांच्या ज्वलनातून नायट्रोजन ऑक्साइड. 1950 च्या सुमारास या दोन्हींनी वेग घेतला. गाळातली तारीख आणि ही तारीख एकच.

पूर्वेच्या मैदानात डेन्व्हर ते फोर्ट कॉलिन्स अशी शहरांची रांग आहे, आणि तिच्या पलीकडे वेल्ड काउंटी. मक्याची शेती, दुधाचे मोठे गोठे आणि फीडलॉट, म्हणजे कत्तलीआधी गुरे पुष्ट करण्यासाठीची उघडी आवारे. एकेका आवारात हजारो जनावरे. शेण-मुतातून अमोनिया उडतो. ग्रीली हे तिथले मुख्य गाव. डेन्व्हरकरांत एक जुनी खूण सांगतात: ग्रीलीचा वास आला की बर्फ पडणार. गंमत म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट हवामानशास्त्राने अगदी बरोबर आहे. एरवी वारे पश्चिमेकडून येतात आणि मैदानातला वास पूर्वेलाच जातो. पण काही दिवशी वारा फिरतो, पूर्वेकडून डोंगरावर चढतो, वर जाऊन थंड होतो आणि बरसतो. अमोनिया त्याच्याबरोबर चढतो आणि त्याच पावसा-बर्फातून लॉक व्हेलमध्ये उतरतो. वर्षातले मोजकेच असे दिवस बराच मोठा भार टाकून जातात.

राष्ट्रीय उद्याने सांभाळणारी उद्यान सेवा आणि कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटी यांतल्या संशोधकांनी 2006 मध्ये वसंतात आणि उन्हाळ्यात मुद्दाम मोहीम काढून हे तपासले. सगळा दोष वेल्ड काउंटीचा नाही हेही त्यातून स्पष्ट झाले. मोठा वाटा राज्याबाहेरून येतो. कॅलिफोर्नियाचे शेतीचे खोरे आणि आयडाहोतले स्नेक नदीचे खोरे इतक्या लांबूनसुद्धा. (उपग्रहांना जगात अमोनियाचे जे सर्वांत दाट पट्टे दिसतात त्यांत आपले गंगेचे मैदान आहे, आणि त्याच्या डोक्यावर हिमालय. तिथल्या तळ्यांसाठी मंगळवारची बादली कोण बदलतो, हे विचारायला हवे.)

करार आणि त्याची पाटी

1977 च्या दुरुस्तीनंतर अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात मोठ्या राष्ट्रीय उद्यानांना सर्वांत वरचा दर्जा आहे. त्याचा आधार घेऊन पर्यावरण संघटनांनी 2004 मध्ये दाद मागितली. मग उद्यान सेवा, केंद्राची पर्यावरण संरक्षण संस्था आणि राज्याचे आरोग्य व पर्यावरण खाते असे तिघे एकत्र बसले. 2007 मध्ये आराखडा झाला. 2006 ची पातळी हेक्टरी 3.1 किलो धरली आणि ती 2032 पर्यंत 1.5 वर आणायची ठरली. मधले टप्पे: 2012 मध्ये 2.7, 2017 मध्ये 2.4, 2022 मध्ये 2.1, 2027 मध्ये 1.8.

शैवालाच्या एका पेशीवरून निघालेला आकडा सरकारी कागदावर इतक्या नेमकेपणाने यावा, हे विरळाच. पण पहिलाच टप्पा चुकला. 2012 मध्ये 2.7 गाठले नाही. 2017 मध्येही आकडा 3 च्या आसपासच रेंगाळत होता.

असे का झाले याचे उत्तर रसायनात आहे आणि कायद्यातही. मोटारींचे धूर-नियम कडक झाले, कोळशाची वीजकेंद्रे सुधारली किंवा बंद पडली, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइड घटले आणि पावसातले नायट्रेटही कमी झाले. त्याच काळात अमोनियम, म्हणजे पावसात उतरलेला अमोनिया, वाढत गेले. एका हाताने कमावलेले दुसऱ्या हाताने गेले. मोटारीच्या धुरासाठी कायद्यात मानक आहे. अमोनियासाठी हवेच्या गुणवत्तेचे केंद्रीय मानकच नाही. त्यामुळे शेतीच्या बाबतीत आराखडा सगळा स्वेच्छेवर उभा आहे.

स्वेच्छेतून निघालेला एक उपाय मला मनापासून आवडतो. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने 2014 पासून पूर्वसूचना देण्याची सोय सुरू झाली. हवामानतज्ज्ञ अंदाज पाहतात. पूर्वेचा चढा वारा सुटणार असे दिसले की गोठेवाल्यांना आणि शेतकऱ्यांना निरोप जातो. तेवढे दोन दिवस आवारातले शेण उपसू नका, शेतात पसरू नका, खत मारायचे पुढे ढकला. आपल्याकडे फवारणीआधी हवामानाचा मेसेज पाहतात तसेच. शेतकऱ्याला दोषी न ठरवता त्याच्या कामाच्या वेळापत्रकाशी बोलणारा हा उपाय आहे. पण शेण दोन दिवस उशिरा उपसले म्हणून गुरांची संख्या कमी होत नाही, आणि निरोप पाळलाच पाहिजे असे बंधनही नाही. एवढ्याने भार निम्म्यावर येईल असे मला वाटत नाही.

मापनाबद्दलही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बादलीत मोजले जाते ते ओले नत्र. कोरडे, म्हणजे वायू आणि धुळीच्या रूपाने बसणारे, त्यात येत नाही. खरा भार 3 पेक्षा जास्तच. शिवाय आकडा म्हणजे पाण्यातले प्रमाण गुणिले पडलेले पाणी. ज्या वर्षी बर्फ भरपूर पडतो त्या वर्षी हवा स्वच्छ झालेली असली तरी आकडा फुगतो, कोरड्या वर्षी गोठ्यांनी काही न करताही तो सुधारतो. म्हणून आराखड्यात एका वर्षाऐवजी पाच वर्षांची सरासरी धरतात, आणि टप्प्याच्या वर्षी बैठकीत पहिला वाद बर्फ किती पडला यावरच होऊ शकतो.

पुढचा टप्पा 2027 चा आहे, हेक्टरी 1.8 किलोचा.